पुठ्ठ्याआडचा आवाज

बाई आत गेली, पण बीप वाजला नाही.

मतदान केंद्रावर केंद्राध्यक्षाचे कान दिवसभर त्या बीपकडे असतात. मतदाराचं नाव मोठ्यानं वाचलं जातं, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना ते ऐकू यावं. मग शाई, मग सही नाहीतर अंगठा. त्यानंतर आमच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं बटन दाबलं की आतलं मशीन एका मतापुरतं मोकळं होतं. मतदार पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन आपल्या उमेदवारापुढचं बटन दाबतो आणि लांब बीप येतो. बीप आला नाही, तर माणूस आत नुसताच उभा आहे असं समजायचं.

शेवंताबाई अशीच उभी होती. पुठ्ठ्याखालून तिचे पाय दिसत होते. अजिबात हलत नव्हते.

"आजी, बटन दाबा," मी बसल्या जागेवरून म्हणाले.

ती बाहेर आली ती पदर तोंडावर धरून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला न्हाई टाकायचं मत." आणि गेली.

असं कधीकधी होतं. नियम साधा आहे. रजिस्टरमध्ये 'मत देण्यास नकार' असं लिहायचं आणि मोकळं झालेलं मशीन पुढच्या मतदाराला वापरू द्यायचं. पुढचा मतदार पुरुष होता. आत गेला, बीप वाजला, आला. त्याच्यामागची अनुसया आत गेली आणि तीही तशीच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी त्या वेळी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी लागली ती ताडकळसच्या पुढं, आतल्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत. सरपंचपदाची पोटनिवडणूक. एकच पद, महिलांसाठी राखीव. आधीच्या सरपंच रुक्मिणबाई मुदत संपायच्या आधीच वारल्या होत्या. विहिरीवर पाय घसरला, असं आम्हाला येताना जीपमध्ये सांगण्यात आलं.

दोन उमेदवार होत्या. एक निर्मला, गावात शिलाई मशीन चालवणारी. दुसरी सुरेखा, रुक्मिणबाईंची धाकटी जाऊ. सुरेखाचा प्रतिनिधी म्हणून रुक्मिणबाईंचा नवराच, दत्तराव, सकाळपासून खोलीत बसून होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. शाळा समितीचा अध्यक्षही तोच.

तिसरी बाई गंगासागर. ती दत्तरावाच्या भावकीतली, म्हणजे हक्काचं मत. तिलाही बीप नाही. दत्तराव ताडकन उठला.

"मॅडम, मशीन खराब हाय. बंद करा."

"मशीन खराब असतं तर पुरुषांची मतं पडली नसती."

"मग आमच्या बायका का परत यायल्यात?"

निर्मलाच्या प्रतिनिधीलाही काही कळत नव्हतं. तिच्या बाजूच्या बायकाही तशाच परत जात होत्या. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. हे जीपमधून आठ-दहा केंद्रं फिरत असतात.

"जाधव साहेब, बायका आत जातात आणि मत न देता बाहेर येतात."

"बहिष्कार आहे का?"

"नाही. रांगेत उभ्या आहेत. शाई लावून घेतात. आत गेल्यावर काहीतरी होतंय."

"काहीतरी म्हणजे काय? मशीन बदलायचं असेल तर बदलतो. मला रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"अजून काही लिहू नका," मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात बायकांची रांग होती. सकाळी तिथं चांगला गलका होता. आता आवाज नव्हता. ऊन अंगणात आलं होतं, सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि त्या सगळ्या माझ्याऐवजी माझ्या मागच्या दाराकडे बघत होत्या. परत आलेली गंगासागर हातपंपापाशी बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"काय झालं आत?"

"काई न्हाई."

"ताई, मी बाहेरची आहे. रात्री गावात नसेन. सांगून टाका."

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "रुक्मिणअक्का हाय आत. नाव घेऊन बोलायलीय. 'गंगासागर, नको दाबू गं माय' म्हणाली. असं कानात."

"तुम्हाला तिचा आवाज ओळखू आला?"

"त्या घरचंच बोलणं की. नाव कसं कळलं मग तिला?"

मी खोलीत परत आले. मतदार मत देत असताना केंद्राध्यक्षालासुद्धा आडोशात जाता येत नाही. म्हणजे ज्याला ऐकू येत होतं त्यानं एकट्यानंच ते ऐकायचं, असा तो सगळा प्रकार होता. मधल्या वेळात मात्र मशीन ठीक आहे का ते बघायला जाता येतं. मी दोन्ही प्रतिनिधींना तसं सांगितलं, रांगेतल्या बायकांना खाली बसायला सांगितलं आणि पुठ्ठ्यामागं गेले.

वर्गाचा कोपरा. लहान मुलांचं बुटकं टेबल, त्यावर मशीन. बटन दाबायचं तर वाकावं लागत होतं. समोर भिंतीवर फळांच्या नावांचा चार्ट. खिडकी त्या बाजूला नव्हतीच, म्हणून तर दर निवडणुकीप्रमाणं सकाळी मीही हाच कोपरा निवडला होता. मी वाकून उभी राहिले. काहीच नाही. चुन्याचा वास आणि माझा श्वास.

"शेख सर," मी तिथूनच म्हणाले, "रांगेतल्या पुढच्या बाईचं नाव वाचा. नेहमीसारखं मोठ्यानं."

शेख सर आमचे पहिले मतदान अधिकारी, पाथरीकडचे प्राथमिक शिक्षक. वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज. त्यांनी नाव वाचलं, "द्वारका!"

चार्ट हलला. छाती वर यावी तसा कागद थोडा फुगला आणि परत भिंतीला चिकटला. मग माझ्या कानापासून वीतभर अंतरावर कुणीतरी म्हणालं, "द्वारके... नको गं माय. नको दाबू. जा घरी."

मला भुताखेतांची भीती वाटत नाही असं मी आयुष्यभर सांगत आले आहे. त्या क्षणी माझ्या मानेवरचा घाम गार झाला. आवाजात दरारा नव्हता, धमकी नव्हती. माया होती, आणि त्यामुळंच तो जास्त भयंकर वाटत होता. मी ओरडले नाही ते फक्त खोलीत माणसं होती म्हणून.

चार्टचा कोपरा धरून ओढला. मागं भिंतीला भोक होतं. टीव्हीची वायर पलीकडे नेण्यासाठी पाडलेलं असावं. त्या भोकात अंधार होता, आणि अंधारात एक ओला डोळा होता. तो मला बघून मिटला.

"पलीकडे कोणती खोली आहे?" मी बाहेर येऊन विचारलं.

निर्मलाचा प्रतिनिधी म्हणाला, "खिचडीचं सामान असतंय तिथं. कुलूप हाय."

"किल्ली?"

सगळ्यांनी दत्तरावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "किल्ली घरी राह्यली."

"आणवा. नाहीतर पोलिसांकडून कुलूप तोडून घेते आणि तसं लिहिते."

त्यानं खिशात हात घातला. किल्ली त्याच्याकडेच होती.

केंद्रावर बंदोबस्ताला असलेल्या महिला कॉन्स्टेबलनं दार उघडलं. आत तांदळाच्या पोत्यावर एक म्हातारी बसली होती. भिंतीला कान लावून, गुडघे पोटाशी घेऊन. शेजारी पाण्याचा तांब्या. उजेडानं तिनं डोळ्यांवर हात धरला. ती सोजरबाई, दत्तरावाची आई. रुक्मिणबाईंची सासू.

"माय!" दत्तराव किंचाळलाच. "तुला काय सांगितलं होतं? दोन नंबर दाबा म्हण, असं सांगितलं होतं ना?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. दोन नंबरचं बटन सुरेखाचं होतं. मेलेल्या सरपंचाच्या नावानं आईला बोलायला बसवायचं आणि घाबरलेल्या बायकांकडून मतं काढून घ्यायची, असा त्याचा बेत होता. सगळं ठरल्याप्रमाणं झालं. म्हातारी फक्त वेगळं बोलली.

मी तिच्यासमोर बसले. "आजी, मत देऊ नका असं का सांगत होता?"

"एक सून गेली त्या खुर्चीपायी," ती म्हणाली. तिचा साधा आवाजही कुजबुजल्यासारखाच होता. "आता दुसरी बसवायलाय. कुणीच दाबलं न्हाई तर कुणीच बसणार न्हाई. माझी सुरेखा राहील."

"रुक्मिणबाई तर पाय घसरून..."

"विहिरीला कठडा हाय, बाई. माझ्या कमरेइतका. त्याच्यावरून पाय कसा घसरंल?"

मी जाधव साहेबांना परत फोन लावला आणि पोलिसांना घेऊन यायला सांगितलं.

जाधव साहेब पोलिसांची गाडी घेऊन आले. दत्तरावाला केंद्राबाहेर काढलं. त्याच्या जागी सुरेखाचा दुसरा प्रतिनिधी बसला. म्हातारीला कॉन्स्टेबलनं हाताला धरून नेलं. सामानाची खोली उघडीच ठेवली, दारात एक पोलीस उभा केला. भोकात मी स्वतः ओलं फडकं ठासलं, वरून चिकटपट्टी मारली आणि दोन्ही प्रतिनिधींना दाखवली. मग रांगेपुढं उभं राहून सांगितलं, "आत कुणी नाही. सोजरआजी होत्या. आता भोक बुजवलं आहे."

द्वारका पहिली आत गेली. बीप वाजला. शेख सरांनी डोळे पुसले आणि पुढचं नाव वाचलं. ज्या आधी परत गेल्या होत्या त्यांची मतं मात्र गेली. नकार नोंदवल्यावर परत बोलवायची सोय नियमात नाही. गंगासागर तरीही दुपारभर अंगणात थांबून राहिली.

ऊन उतरताना सुरेखा मत द्यायला आली. पंचविशीची असेल. नवी साडी, गळ्यात उमेदवाराचं ओळखपत्र, आणि सगळ्या गावाची नजर तिच्यावर. ती आत गेली. बराच वेळ बीप आला नाही. शेख सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बीप आला.

ती बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी थांबली. चेहरा शांत होता, डोळे ओले.

"बाई, सासूबाई कुठं हायत?"

"पोलीस ठाण्यात. जबाब चालू आहे."

"मग आत कोण हाय?"

"कुणी नाही."

"अक्का बोलली माझ्याशी," ती म्हणाली. "रुक्मिणअक्का. 'भिऊ नको, दाब' म्हणाली."

ती गेल्यावर मी पुठ्ठ्यामागं जाऊन पाहिलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पलीकडच्या खोलीत तांदळाची पोती होती आणि दारात पोलीस उभा होता. त्यानं कुणाला आत सोडलं नव्हतं. मी खोली बंद करायला सांगितली आणि जागेवर येऊन बसले. दैनंदिनीत, म्हणजे केंद्राध्यक्षानं दिवसभराचं लिहायचं असतं त्यात, एवढंच लिहिलं: उमेदवार श्रीमती सुरेखा यांनी मतदान केलं.

निर्मला निवडून आली. निकाल ऐकून सुरेखा मोठ्यानं हसली आणि सगळ्यांसमोर जाऊन तिनं निर्मलाला कुंकू लावलं, असं शेख सरांनी मला नंतर फोनवर सांगितलं. दत्तरावावर मतदारांना धमकावल्याचा गुन्हा दाखल झाला. विहिरीची चौकशी परत उघडली. मला साक्षीला दोनदा परभणीच्या कोर्टात बोलावलं, सोजरबाई दोन्ही वेळा आली होती आणि दोन्ही वेळा कठड्याची उंची कमरेला हात लावून दाखवत होती. खटला अजून चालू आहे.

त्यानंतर मला आणखी बऱ्याच निवडणुकांची ड्युटी लागली. केंद्र ताब्यात घेताना मी खिडक्या तपासते, दारं तपासते आणि भिंतीवरचे सगळे चार्ट काढून मागं बघते. सोबतचे लोक हसतात. कक्षात कुणाचा कान किंवा डोळा पोचता कामा नये, एवढीच केंद्राध्यक्षाची जबाबदारी असते. जिवंत माणसांचं मी बघून घेते. बाकीच्यांबद्दल नियमपुस्तिकेत काही लिहिलेलं नाही.