दिवाळीपर्यंत आजमावून बघा

वहिनी गेल्याचा फोन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या माहेराहून, बोरीहून आला आणि संध्याकाळी नॉर्वेहून माझ्या नातीचा. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांच्या तोंडचं ‘आजमावून बघ’ नातीला लहानपणापासून पाठ. रडता रडता ती म्हणाली, “आजी, इथे अगदी त्यांचंच क्रियापद आहे.” प्रोव्हे की काय ते... त्यातला ‘ओ’ मला काही जमला नाही. मूळ लॅटिन, जर्मन व्यापाऱ्यांबरोबर तिकडे उतरलेलं आणि थोड्याफार फरकानं डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन अशा तिन्ही देशांत घरचं होऊन बसलेलं. दुकानात झगा अंगाला लावून बघायचा तरी तेच, बर्फावर घसरायला पहिल्यांदा उभं राहायचं तरी तेच, आणि परीक्षेलाही त्याच्याच घरातला शब्द. वहिनींना हे कळलं असतं तर त्यांनी त्या तिन्ही देशांना माहेरचे समजून चहाला बोलावलं असतं.

आमचं क्रियापदही असंच बाहेरचं. फारसीतून निघालं, राज्यकर्त्यांबरोबर इकडे आलं. पण निजामाच्या अमलात राहूनही आमच्या शेतकरी घरात ते नव्हतं. आम्ही आपलं ‘करून बघ’ म्हणायचो. वहिनी सेलूच्या. वडील एका वकिलाकडे मुन्शी, त्यामुळे घरात उर्दूचा वावर. लग्नात भांड्यांबरोबर त्या हा शब्दही घेऊन आल्या. विहिरीचा नवा दोर आजमावायचा, नव्या गाईचा स्वभाव आजमावायचा, आमटीचं तिखट आजमावायचं... माझी आई वैतागायची. “लय आजमावती बाई ही! उद्या मलाबी आजमावशील.” वहिनी पदराआड हसून म्हणायच्या, “ते कवाच झालं, आत्याबाई.”

गावातली चौथी संपली आणि माझी शाळाही संपली. पुढची शाळा सेलूला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “पोरीच्या जातीला एवढं बास.” मी रडून डोळे सुजवून घेतले, पण आबांचा शब्द म्हणजे शब्द. पेरणी तोंडावर आली होती. आबा दरवर्षी ज्वारीचं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवत आणि कोंब किती फुटतात ते बघूनच पेरत. फडकं ओलं ठेवायचं काम यंदा वहिनींकडे आलं होतं. त्या सकाळी आबा ओसरीवर फडकं उघडून बसले होते, मी शेजारी, आणि वहिनी दाराआड. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे तेव्हा. त्या मला ऐकू जाईल, म्हणजे आबांनाही ऐकू जाईल, अशा आवाजात म्हणाल्या, “वन्सं, मामंजींना इचारा, बी पेरायच्या आधी आजमावत्यात का न्हाई?”

“आजमावतो की,” आबा कोंबांवरची नजर न काढता म्हणाले.

“मग म्हणावं, पोरीला न आजमावताच पोचट कसं ठरवलं? दिवाळीपर्यंत आजमावून बघा. माज्या आईपाशी ऱ्हाईल.”

चुलीपाशी आईच्या हातातलं उलथनं थांबलं. वहिनींच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एवढ्यावरून वहिनींना माहेरी नेऊन घातलं असतं तर कुणी आबांना बोल लावला नसता, आणि हे वहिनींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आबांनी फडक्याची गाठ पुन्हा मारली. दाराकडे न बघता म्हणाले, “दिवाळीपर्यंत. न्हाई उगवलं तर गाडी घेऊन येतो.”

सेलूला निजामाच्या शाळेत उर्दूतली गणितं सोडवताना मला सारखी ती गाडी दिसायची. दिवाळीला घरी आले. मुदत संपली होती. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गाडी जुंपलेली आणि वहिनी माझी वळकटी आत ठेवतायत. “शिमग्यापर्यंत बघू अजून,” आबा बैलांना म्हणाले. शिमग्याला मुदत उन्हाळ्यापर्यंत वाढवून मिळाली, मग पुढच्या दिवाळीपर्यंत. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत सेलूची वाट बंद झाली, शाळाही. मी घरी बसले आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. राज्य बदललं, वाट मोकळी झाली, तेव्हा आबा आपणहून म्हणाले, “मधले महिने मुदतीत धरायचे न्हाईत.” वहिनी दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होत्या... मी पाहिलंय.

मला शिकायची परवानगी अशी कधी मिळालीच नाही, नुसती मुदत वाढत गेली. त्या मुदतीत मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, पेन्शनीत निघाले. वहिनींना स्वतःला मात्र कुणी कधी आजमावलं नाही. मी एकदा तसं म्हणाले तर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आज माझ्याजवळ जे काही आहे ते त्या दाराआडून आलेलं आहे. आबा गेल्यावरही दरवर्षी भाऊबीज उलटली की वहिनींचा फोन ठरलेला. “वन्सं, मामंजी म्हणत्यात, शिमग्यापर्यंत वाढवली.” आणि मी ऐंशी ओलांडलेली बाई म्हणायची, “बरं, मग निघते.”

तेराव्याला वहिनींच्या सुनेनं ते बियाण्याचं फडकं माझ्या हातात दिलं. आबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, धुऊन धुऊन साईसारखा मऊ झालेला. यंदा भाऊबीज उलटली आणि सकाळपासून मी उगाचच फोनजवळ घुटमळत होते. दुपारी तो वाजला. नॉर्वेहून नात होती. हॅलो नाही की काही नाही... “आजी, मामंजी म्हणत्यात, शिमग्यापर्यंत वाढवली.”

“बरं, मग निघते,” म्हटलं, आणि डब्यातली मूठभर ज्वारी काढून वहिनींचं फडकं भिजवायला उठले.