वेदपाठशाळेची पाहणी

कल्याणच्या जुन्या वस्तीत, आता जिथे एका सात मजली इमारतीचं पार्किंग आहे, तिथे वेदपाठशाळा होती. माझे वडील लहानपणी तिथे शिकले आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर तिचे विश्वस्त झाले. तोवर गुरुजी एकच उरले होते, विद्यार्थी पाच-सहा. शिकवण्याची रीत जुनीच. गुरुजी ओळ एकदा म्हणत, मुलं ती दोनदा म्हणत.

तिथली जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा नव्या नकाशात पाठशाळेला खोली ठेवायची का, हा प्रश्न आला. बाकीचे दोन विश्वस्त तरुण होते. वर्ग खरंच भरतो का ते एकदा बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं. वडिलांनी सगळ्यांच्या सोयीचा रविवार ठरवून गुरुजींना कळवलं. त्या दिवशी मीही वडिलांबरोबर गेलो.

खोली झाडलेली होती, सतरंज्या गुंडाळून भिंतीशी ठेवलेल्या. गुरुजी एकटेच होते. त्यांनी चहा मागवला.

"मुलं कुठायत, गुरुजी?" एका विश्वस्ताने विचारलं.

"आज प्रतिपदा. अनध्याय. प्रतिपदेला पाठ देत नाहीत." मग वडिलांकडे वळून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडलात. निवांत बोलता येईल म्हणून."

वडिलांनी कॅलेंडरात फक्त रविवार पाहिला होता.

"मुलांना बोलवून घ्या ना," दुसरा विश्वस्त म्हणाला. "थोडा वेळ म्हणू देत. आम्हाला कुठे काय कळणार आहे?"

"तुम्हाला नाही कळणार," गुरुजी म्हणाले. "मुलांना कळेल."

चहा झाल्यावर सगळे उठले. जिन्यात वडील म्हणाले, "चूक माझी. तिथी बघायला हवी होती. उद्या या, उद्या वर्ग आहे."

"उद्या ऑफिस आहे हो, काका. आणि आज रविवार असून कोणी नाही, तर उद्या कोण येणार?"

सोमवारी सकाळी वडील एकटेच गेले. सगळी मुलं आली होती. वडील पाठ संपेपर्यंत मागे बसले आणि घरी येऊन त्यांनी दोघांनाही फोन केला. दोघांनी ऐकून घेतलं. नकाशा मात्र खोलीशिवायच पुढे गेला.

इमारत रिकामी झाल्यावर गुरुजी डोंबिवलीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. त्यांच्याकडे तिथे दोन विद्यार्थी काही महिने येत होते. ते दोघं पौरोहित्य करू लागले, त्यांच्या सकाळी पूजांमध्ये जाऊ लागल्या, आणि वर्ग थांबला.