वन्संचा धूमकेतू

माझ्या थोरल्या नणंदेला एका जागी शांत बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. त्या जेवताना ताट हातात घेऊन घरभर हिंडतात. बोलता बोलता मधेच उठून खिडकीशी जातात, आकाश बघून येतात, आणि येईपर्यंत आपण काय बोलत होतो ते विसरलेल्या असतात. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा भावाच्या मागे करवली म्हणून त्यांनी उभं राहायचं होतं. सापडल्या कार्यालयाच्या गच्चीवर. "माधवी, ढग फार चांगले हटले होते गं," असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि माफी मागून झाली अशी स्वतःची समजूत करून घेतली.

त्यांचा धंदा लघुग्रह आणि धूमकेतू शोधण्याचा. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायचे, ते एकापाठोपाठ एक बघायचे, आणि हजारो ठिपक्यांत जो ठिपका जागचा हलला असेल तो पकडायचा. स्वतः सतत हलणाऱ्या बाईला हलणारे दगड बरोबर दिसायचे. पुढे वेधशाळेत त्यांना बढती मिळाली, म्हणजे दुर्बिणीऐवजी मीटिंगा मिळाल्या. वर्षभर त्यांनी ते सोसलं आणि राजीनामा देऊन थेट नेरळच्या पुढच्या पळसदरी गावात आल्या. तिथल्या धरणाच्या अलीकडे लहानसं घर घेतलं, मागच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर चाकांवर बसवून सरकतं केलं आणि खाली दुर्बीण मांडली. घरासमोरच्या रस्त्यावरचा दिवा डोळ्यांत येतो म्हणून वायरमनला चहा पाजून त्या दिव्यावर तेलाच्या डब्याची टोपी चढवली. पहिल्या महिन्यातच गावात त्यांचं नाव 'दिवेवाल्या बाई' पडलं. खरं तर दिवे घालवणाऱ्या बाई म्हणायला हवं होतं.

लघुग्रह एकदा दिसला म्हणजे आपला झाला असं नसतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो आणि दर वेळी अमेरिकेतल्या नोंदणी केंद्राला कळवावा लागतो. त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की होण्याआधी ढग आले, तर तो हरवतो. वन्संचे असे दोन हरवलेले होते आणि त्यांची त्यांना पोटच्या पोरांसारखी काळजी. अंधाऱ्या जागेच्या शोधात त्या कशेळे गावाकडे जायच्या. एकदा तिथून शेअर जीपने परतताना त्या फारच कष्टी दिसत होत्या, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गं बाय?"

"माझे दोन हरवलेत. गेल्या वर्षी दिसले होते, आता सापडतच नाहीत."

"अगं आई! पोलिसांत कळवलंस का नाय?"

"कळवलंय ना. अमेरिकेत."

"किती मोठे हाएत?"

"असतील दीडेक किलोमीटर," वन्सं म्हणाल्या. ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली.

धूमकेतूची गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. मी चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेले होते. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर लगेच, पश्चिमेला अगदी खाली त्यांना फोटोत एक पुसट डाग सापडला होता. डाग सरकत होता. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव लागतं, आणि आयुष्यभर दगड शोधलेल्या वन्संना धूमकेतू एकही मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टिपला तरच जगाने विश्वास ठेवायचा. त्या दिवशी दिवसभर त्यांनी घरात इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी मीच जाऊन ओट्यावर बसले. आणि ऐन सूर्यास्ताला पश्चिमेच्या फार्महाऊसवर हळदीचा मांडव झगमगला. हॅलोजन, रंगीत झोत, सगळं आकाशाकडे तोंड करून.

वन्सं गाऊनवर शाल गुंडाळून तशाच निघाल्या. मी मागून धावतेय. मांडवात शिरून त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना गाठलं. "दिवे बंद करा. अर्धा तास."

"का? शॉर्ट झाला काय?"

"तुमच्या मांडवावर धूमकेतू आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "बाई, शेंडीवाला तारा? हळदीच्या दिवशी? नाव पन काढू नका. जा तुमी."

वन्संचे डोळे भरले होते, पण पाय थांबत नव्हते. उभ्या जागी त्या चुळबुळत होत्या. तेवढ्यात पाटावर बसलेला, नखशिखांत पिवळा झालेला नवरा मुलगा ओरडला, "आबा, हळद काय पळून जात नाय. त्यो तारा चाललाय ना! दिवे घालवा रं!"

दिवे गेले. बायका अंधारात हसत हळद लावत राहिल्या, कोणाची कोणाला लागली देव जाणे. वन्सं घराकडे पळाल्या, आणि धूमकेतू सापडला.

पण नाव लागलं नाही. परदेशातल्या एका आपोआप चालणाऱ्या दुर्बिणीने तो थोडा आधी टिपला होता. त्या यंत्राचंच नाव धूमकेतूला मिळालं. मेल वाचून वन्सं धरणाच्या बांधावर निघून गेल्या आणि कितीतरी वेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या.

लग्न आटोपल्यावर नवऱ्या मुलाचे वडील लाडू घेऊन आले. "काय नाव ठेवलं मग?"

वन्संनी खरं ते सांगितलं. ते भडकलेच. "आमच्या मांडवावर व्हता आनि नाव बाहेरच्याचं?"

वन्सं हसल्या. मग त्यांना समजावत म्हणाल्या, "तुम्ही दिवे घालवलेत त्या संध्याकाळच्या फोटोंमुळे त्याची वाट पक्की झाली. त्यावरून कळलं, तो एकदाच आला होता. आता परत कधीच येणार नाही."

त्यांनी लाडवांचा डबा पुढे सरकवला. मग म्हणाले, "तर मग बरं झालं, पोराचं ऐकलं."

पुढे फार्महाऊसं वाढली, नेरळकडून इमारतींचा उजेड वर चढत आला. एका दिव्याला टोपी घालता येते; क्षितिजाला कुठली घालणार? वन्संनी दुर्बीण टेंपोत चढवली आणि पार मराठवाड्यातल्या एका माळावर बिऱ्हाड हलवलं.

परवा त्यांचा फोन आला. पळसदरीत सापडलेल्या एका लघुग्रहाची वाट अखेर पक्की झाली होती आणि त्याला नाव सुचवायचा मान त्यांचा होता.

"पळसदरीच सुचवलंय," त्या म्हणाल्या. "निघून आले ना मी. चुटपुट लागली होती."

"आमच्या गच्चीवरून दिसेल का?"

"तुझ्या गच्चीवरून? छे गं!" मग म्हणाल्या, "पण आहे तो. बरं, ठेवते, इथे आकाश मोकळं होतंय."

फोन बंद झाला. तिकडे एकटीला करमतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.