बेटावरची दोन ताटं

तर सगळ्यात आधी उतरली ती खैरून! गुडघे दुखतात म्हणून लातूरपासून कण्हत आलेली बाई, पण बेटावर न्यायची छोटी नाव लागली तशी पदर खोचून पुढं... वर मागं वळून मलाच म्हणते, "चल की गं, का मुहूर्त बघून राहिलीस?"

खैरून माझी शेजारीण. मी कोचिंगच्या पोरींसाठी मेस चालवते आणि तिथं पोळ्या लाटते ती खैरूनच. मेसमधली एक पोरगी डॉक्टर झाली, तिनं आम्हा दोघींना लक्षद्वीपच्या क्रूझचं तिकीट काढून दिलं. मी चौथी नापास, क्रूझ म्हणजे काय ते चढल्यावरच कळलं... आत लिफ्ट, वरती पोहायचा हौद, आणि चहा मात्र अगदी फिका!

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. समुद्र राखेसारखा, फोटोतला निळा रंग कुठंच नाही. पण उतरल्या उतरल्या हातात शहाळं दिलं, काय गोड हो! आमच्याकडं उन्हाळा आला की टँकरची वाट बघायची, आणि इथं पाणी झाडाला लटकून राहिलंय... मी दोन प्याले. खैरून तीन, पण लिहिलं म्हणून भांडेल.

जेवण किनाऱ्यावरच, झावळ्यांच्या मांडवात. कुंजीबी म्हणून तिथली बाई, माझ्याच वयाची, पहाटेपासून रांधत होती. भात, लाल माशाचं कालवण, नारळ घातलेली भाजी, गुळाचा हलवा. वास असा सुटला होता की मी लाईनीत पहिली!

खैरून नमाज पढायला गेली होती. म्हणून मी दोन प्लेटा उचलल्या, एक माझी, एक तिची. तेवढ्यात सहलीबरोबरचा माणूस लांबून ओरडला, "आजी, एका माणसाला एकच प्लेट!"

वाईट नव्हता हो तो. त्याचं कामच ते. पण मी दोन्ही प्लेटा होत्या तिथं ठेवल्या आणि लांब जाऊन नारळाच्या बुडाशी बसले. पिशवीतली घरची दशमी काढली आणि तीच चावत राहिले.

कुंजीबी बघत होती. तिला वाटलं, आपलं नाव कळलं, आपण मुसलमान हे कळलं, म्हणून ही म्हातारी उठली. खैरून नमाज करून आली तर तिलाच विचारलं, "वो हमारे हाथ का नहीं खाती?" आणि कालवणावर झाकण ठेवून तोंड फिरवून उभी राहिली.

खैरून तणतणत आली. "तीस वर्षं माझ्या घरचा शिरखुर्मा वाटी चाटून खातीस, आन् इथं कुठलं सोवळं आठवलं गं तुला? त्या बाईचे डोळे भरले तिकडं!"

मग सांगावं लागलं... त्र्याण्णवच्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी आमच्या गावात जेवणाचा ट्रक आला होता. लाईन लागली. मी सवयीनं दोन प्लेटा पुढं केल्या, एक माझी, एक मंगलची. मंगल माझी लेक, सहा वर्षांची. तिला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा मीच तिथं होते. मला माहीत होतं सगळं. हातांना माहीत नव्हतं.

ट्रकवरचा माणूस म्हणाला, "बाई, एकीला एकच." आणि माझ्या हातातली एक प्लेट काढून घेतली.

माझ्या मेसमध्ये म्हणूनच ताटं मोजत नाहीत. एखादी पोरगी दोन ताटं भरून रूमवर घेऊन गेली तर कुणासाठी म्हणून मी विचारत नाही. भूकंपाचं खैरूनला ठाऊक होतं, मंगलचंही. हे प्लेटीचं एवढ्या वर्षांत तिलासुद्धा बोलले नव्हते.

खैरून गुडघे धरत माझ्याशेजारी खाली बसली. मग उठली, कुंजीबीपाशी गेली आणि तिला कळेल अशा सोप्या हिंदीत हळूहळू सांगत राहिली...

कुंजीबी आली ती दोन हातांत दोन भरलेली ताटं घेऊन. दोन्ही माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "एक आपका. एक बेटी का." सहलीवाल्या माणसानं बघितलं आणि लाईनीकडं वळला.

मला एकदम रडू फुटलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि तिचा हात धरून खाली बसवलं. मंगलचं ताट तिच्याकडं सरकवलं. रांधणारी बाई शेवटी जेवते, तिच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. पाहुण्यांबरोबर कधी बसलीच नव्हती म्हणे. आम्ही दोघी जेवलो, खैरून माझ्याच ताटातलं उचलून खात होती आणि वरून मीठ कमी म्हणत होती!

कालवण आंबट-तिखट, भात मऊ... पोटभर झालंच नाही पण. नाव निघायची शिट्टी झाली, हलवा तसाच राहिला. कुंजीबीनं तो पानात बांधून दिला आणि विचारलं, "फिर कब?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं... गणपती उठले की दुसऱ्या दिवशी. भूकंपाचा तोच दिवस. तेव्हापासून त्या दिवशी मी घरात चूल पेटवत नाही, तोंडात घासही घेत नाही. खैरूननं चमकून बघितलं माझ्याकडं. मग कुंजीबीला म्हणाली, "आएंगे. दोनों आएंगे."

जमेल का, देव जाणे. माझी सत्तरी सरली, खैरूनचे गुडघे तर तुम्हाला सांगितलेच, आणि कुंजीबीही माझ्याच वयाची. पण शब्द दिलाय. मेसच्या पोरींनो, त्या दिवसाचं जेवण तुमचं तुम्ही बघून ठेवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण केली आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, कुंजीबीकडं जेवायला.