झाकण

लातूरच्या क्लासमध्ये मी चौदा वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एका जूनमध्ये व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, की यंदा बाहेरून तरुण शिक्षक आणलेत, मॅडम, तुम्ही आता विश्रांती घ्या. मी सेहेचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नव्हतं. भाड्याची खोली सोडून उदगीरला धाकट्या भावाच्या घरी आले. भावाचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत दुकान. घरात तो, त्याची बायको आणि आमची आई, अव्वा.

घरी सगळे माझ्याशी चांगलंच वागत. पाहुण्यांशी वागतात तसं. भाजी निवडायला घेतली तर वहिनी म्हणायची, "राहू द्या आक्का, तुम्हाला कशाला त्रास." दिवस जाता जाईना. मग मी अंडी उबवण्याचं एक छोटं यंत्र मागवलं. वर्गात मी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या आकृत्या शेकडो वेळा फळ्यावर काढल्या होत्या, पण पिल्लू बाहेर पडताना कधी पाहिलं नव्हतं.

आमचं घर लिंगायताचं. अंडं घरात कधी आलेलं नाही. अव्वा पूजा आटोपून बाहेर आली, खोकं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या चुलीच्या वाऱ्याला ते आणायचं न्हाई." शेवटी मागची पोती ठेवायची खोली मिळाली. तिचं दार बाहेरच्या बोळात उघडायचं.

गावाबाहेरच्या वस्तीवर गावरान कोंबड्या पाळणारी एक बाई होती, तिच्याकडून चोवीस अंडी आणली. तोवर पुढचा उन्हाळा लागला होता. यंत्रातलं तापमान मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, दिवसातून तीनदा अंडी फिरवली. पाण्याची वाटी मात्र दुपारपर्यंत कोरडी पडायची आणि मी ती सवडीनं भरायची. ओलाव्याचा आकडा पंचविसावर येऊन थांबे, त्याकडे लक्षच दिलं नाही. पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. चोविसाव्या दिवशी अंडी फोडली. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती. चोच, नख्या, पिसं, सगळं. आतला पापुद्रा वाळून कातड्यासारखा झाला होता आणि त्यात ती आवळली गेली होती. त्यांना मान वळवायलाही जागा मिळाली नव्हती.

त्या बाईला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "बाई, तुमची खोली लई कोरडी हाय. उन्हाळ्यात मी खुडूक कोंबडीच्या खाली ओली माती घालते अन् वर गवत. अंड्याला पण तहान लागती की."

दुसऱ्या खेपेला पुन्हा चोवीस अंडी आणली, तेव्हा मी शहाणी झाले होते. भावाच्या दुकानातली बारदानं भिजवून खोलीत टांगली. वाटी कितीही खोल असली तरी उपयोग नाही, पाणी पसरट हवं, हे कळलं. मग पसरट ताटल्या ठेवल्या आणि त्यांत स्पंज टाकले. अंड्यावर टॉर्च धरून आतला हवेचा कप्पा किती वाढला, ते कवचावर पेन्सिलीनं आखत गेले. फार झपाट्यानं वाढला तर पाणी वाढवायचं, वाढतच नसेल तर ताटली काढायची. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं, ओलावा सदुसष्टवर नेला आणि झाकण लावलं. आता पिल्लं निघेपर्यंत ते उघडायचं नव्हतं. घरात सगळ्यांना तसं सांगितलं. भावालाही.

विसाव्या दिवशी दुपारी काचेतून पाहिलं, तर पाच अंड्यांना आतून चोचीचे टोचे पडले होते. आतून बारीक चिवचिव येत होती. मी खुर्ची घेऊन तिथंच बसले. लातूर सुटल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बोळातून भाऊ आला, मागं मोंढ्यातले तीन व्यापारी. "या, या. आमच्या आक्काची फॅक्टरी बघा," असं म्हणत त्यानं सरळ झाकण उचललं.

"अरे, झाकण लाव," मी म्हणाले.

"लावतो की. दोन मिनिटांनी काय होतंय?"

भाऊ स्वतः अंड्याला हात लावत नव्हता. झाकण हातात धरून तो लांबूनच बोट दाखवत होता. एकानं टोचा पडलेलं अंडं उचलून कानाला लावलं. दुसऱ्यानं फोटो काढले. "वीज गेल्यावर काय करता, ताई?" तिसऱ्यानं विचारलं आणि मी उत्तर दिलं. मी, जी वर्गात सव्वाशे पोरांना एका नजरेत गप्प करायची, ती पाहुण्यांपुढं भावाच्या हातून झाकण ओढून घेऊ शकले नाही. आकडा एकतीसवर आला तरी मी नम्रपणे बोलत राहिले. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

बोळातून परत जाताना भावाचे शब्द ऐकू आले. "नोकरी सुटल्यापासून काहीतरी पाहिजे ना मन रमवायला."

मी गरम पाणी भरलं, स्पंज बदलले. आकडा पुन्हा वर आला, पण टोच्यांच्या कडेचा पापुद्रा तोवर पांढरा, कडक झाला होता. चिवचिव एकेक करून थांबत गेली. कोमट पाण्यात कापूस भिजवून तीन पिल्लं मी हातानं सोडवली. त्यातलं एक जगलं. टोचा न मारलेल्या अंड्यांतून आणखी चार निघाली. बाकीची आतच वाळली. चोवीसमधली पाच.

सकाळी भाऊ चहा पीत म्हणाला, "मशीनच हलकं हाय, आक्का. चांगलं घ्यायला पाहिजे होतं."

"मशीन चांगलं आहे. तू झाकण उघडलंस म्हणून मेली ती."

त्यानं कप खाली ठेवला. "तुझं कौतुक करायला लोकं आणलो मी. घरात अंडी ठेवू दिली, गावभर लोकं बोलायलेत, ते ऐकून घेतलो. अन् आता मीच वाईट?"

त्याचं खोटं नव्हतं. तेच जास्त लागलं. त्यानं खरोखरच कौतुकानं आणलं होतं त्यांना. त्याच्या लेखी हा सगळा बहिणीचा विरंगुळा होता, आणि विरंगुळ्याचं झाकण कुणीही केव्हाही उघडावं. अव्वा आतून म्हणाली, "जीव घ्यायचे खेळ कशाला करता?"

तिसऱ्या खेपेच्या आधी मी खोलीला कुलूप लावलं. चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. ती मी एकटीनं पाहिली, आणि पाहताना आनंदापेक्षा रागच जास्त येत होता. पिल्लं कोरडी झाल्यावर ती सगळी, यंत्रासकट, मी वस्तीवरच्या बाईला देऊन टाकली. भावाला त्या कुलपात आपला अपमान वाटला. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस काहीच झालं नसल्यासारखं त्यानं विचारलं, "आक्का, ती खोली मोकळी झाली का? सोयाबीनची पोती यायची हायेत."

मी किल्ली काढून दिली.