वाकडा पाना आणि वेंगुर्ल्याची आगबोट

आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचा बेत तुमच्यापैकी कुणी करत असेल, तर माझी ही धडपड वाचून हसेल. खुशाल हसा! साठच्या दशकातली गोष्ट आहे. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, बाबलमामा, नोकरीसाठी आफ्रिकेला निघाला होता. वेंगुर्ल्याहून दुपारी चारच्या आगबोटीने मुंबई आणि तिथून पुढे मोठं जहाज. त्याचं पत्र आमच्या हातात पडलं ते आदल्या संध्याकाळी. एस.टी. बदलत बदलत गेलो असतो तर बोट नक्की चुकली असती. आई एवढंच म्हणाली, "एकदा त्याला हात लावून येते रे. परत कधी दिसतोय कुणास ठाऊक."

म्हणून मी माझी व्हॅन काढली. ती आधी एका बेकरीची होती. पाव वाटून वाटून म्हातारी झाल्यावर माझ्या गळ्यात पडली, आणि दार उघडलं की अजून पावाचाच वास यायचा. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या पेटीत. सोबतीला माझा मित्र मारुती. दोन वर्षं गॅरेजात काढलेला, म्हणून स्वतःला मिस्त्री म्हणवणारा.

कोल्हापूर पहाटे सोडलं. आजऱ्याला चहा, आंबोलीच्या टपरीवर गरम भजी. खाली उकाडा असला तरी वर आईने शाल सोडली नाही. तिथपर्यंत सगळं झकास. घाटाचा रस्ता मात्र खडीचा, आणि व्हॅन अशी खडखडत उतरली की आमचे दात वाजले. दाणोलीत सपाटीला लागलो आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. घड्याळात सव्वाअकरा.

मारुतीने पेटी उघडली. पेट्रोलचा पंप ज्या दोन नटांनी बसवलेला असतो, त्यातला मागचा नट हादऱ्यांनी सुटून खालच्या पत्र्यात पडला होता. दिसत होता, पण हात पोचत नव्हता. मारुतीने दंड सोलून घेतला. मी प्रयत्न केला, बोटं भाजली आणि गाडी ज्याने बनवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"मी बघू का?" आई म्हणाली.

"आई, तू सावलीत बस गं!" असं मी एकदा नव्हे, तीनदा म्हणालो. त्याची लाज आजही वाटते.

समोरच्या भट्टीवरून एक म्हातारा लोहार बाहेर आला. "खंय चललास?"

"वेंगुर्ल्याक. माझो भाव आगबोटीन जाता," आई म्हणाली. घरी तिच्या तोंडून मी तिच्या माहेरची मालवणी कधी ऐकली नव्हती. कोल्हापुरात ती आमच्यासारखंच बोलायची.

पुढचं सगळं त्या दोघांनी ठरवलं. आईने लोहाराच्या परसातल्या कच्च्या फणसाचं देठ कापायला लावलं, पांढरा चीक माडाच्या झाडूतल्या एका हिराच्या, म्हणजे लांब काडीच्या, टोकाला गुंडाळला आणि तो हीर फटीतून खाली सोडला. नट अलगद चिकटून वर आला! मारुती म्हणाला, "च्यायला!" आणि आईकडे बघून जीभ चावली.

आता नट बोल्टवर चढवायचा होता. आईने बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या आणि बोटांना चीक फासू लागली.

"बाये, आदी तेल लाय हाताक," लोहार ओरडला. फणसाला हात लावण्याआधी खोबरेल चोळायचं, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक. नाहीतर चीक दिवसेंदिवस सुटत नाही.

"तेल लायलंय तर नट निसाटतलो," आई म्हणाली. लहानपणी समुद्रकाठच्या खडकांच्या फटींतून कालवं काढलेला तिचा बारीक हात कोपरापर्यंत आत गेला. डोळे मिटून तिने नुसत्या बोटांनी नट चार आटे फिरवला.

आवळायला सरळ पाना आत वळत नव्हता. लोहाराने मारुतीचा पाना भट्टीत लाल केला आणि दोन ठिकाणी वाकवला. मारुतीचा जीव तुटला, पण नट आवळला गेला. तोवर दोन वाजून गेले होते. लोहाराने पैशाला हात लावला नाही. "भावाक गाठ आदी," म्हणाला.

सावंतवाडीचा तलाव मी पळता पाहिला. जेवण नाही, लाकडी खेळणी नाहीत. तुम्ही मात्र थांबा, माशाचं जेवण सोडू नका.

बंदरावर पोचलो तेव्हा आगबोट लांब उभी होती आणि माणसं नेणारी होडी धक्क्यापासून सुटलेली. आई धावली. "बाबल्या! रे बाबल्या!"

होडीतला पांढरा सदरा उभा राहिला. होडी चालवणाऱ्या तांडेलाने कपाळाला आठ्या घातल्या, पण होडी परत लावली. मामा वाकला आणि आईने त्याचं मनगट धरलं. ती सोडेना. मी ओरडलो, "आई, बोट सुटेल!" तिने हात सोडला, तर इंजिनची काजळी धरलेल्या चिकाने सदऱ्याची बाही ताणली गेली आणि पाच बोटांचा काळा ठसा उमटला.

"नवो सदरो रे तुजो!" आई हळहळली.

"ऱ्हवांदे गो," मामा म्हणाला, आणि होडी गेली.

रात्री शिरोड्याला ओळखीच्या घरी राहिलो. घरच्या बाईंनी आईचे हात खोबरेलाने चोळून दिले. आई घटकाभर रडली, मग दोन बांगडे खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कोल्हापूर. मागचा नट जागचा हलला नाही.

व्हॅन पुढे भंगारात गेली. वाकडा पाना मारुतीने मला देऊन टाकला, तो अजून माझ्या खणात आहे. पाच महिन्यांनी मामाचं पत्र आलं. आईला वाचता यायचं, तरी तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं. नोकरी, हवा, खोली, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, "अक्का, बाहीवरचे डाग साबणाने जात नाहीत. इथल्या धोब्याकडे औषध आहे म्हणतात. मी त्याला सदरा दिलेला नाही."