हाताला लागणारे सप्तर्षी

मागच्या लेखात मी एक चुकीची सूचना दिली होती, ती आधी दुरुस्त करते. तारापूरजवळच्या कोळीवाड्यातल्या देवीच्या मंदिराबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, "भिंतीवरच्या ताऱ्यांच्या मोझॅकला हात लावू नका." तसं मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. कृपया हात लावा. ती भिंत त्यासाठीच आहे.

हे मला परवाच्या दुसऱ्या फेरीत कळलं. पालघरहून उमरोळीमार्गे एसटीने बोईसरला गेले. धूळ फार, रुमाल जवळ ठेवा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. मी स्वतंत्र रिक्षा केली आणि वाटेतला प्रत्येक खड्डा निरखत बसले.

"मॅडम, रोड का सर्वे है क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

सर्वे बाबांसाठी होता. माझी पहिली शाळा म्हणजे आमची गच्ची. बाबांनी मला अक्षरांआधी तारे शिकवले. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली, तसं त्यांनी गच्चीवर येणंच सोडलं. त्यांना इथे आणावंसं फार वाटत होतं. पण ज्याला दिसत नाही त्याला भिंत दाखवायला नेणं म्हणजे दुखावणंच, ही धास्तीही होती.

मंदिरात रंजनामावशी फुलं वाहत होत्या. ही भिंत त्यांनी आणि वाड्यातल्या बायकांनी मिळून केली: काळ्या फरशीच्या तुकड्यांचं आकाश, फुटक्या कपबश्यांचे तारे, बांगड्यांच्या काचांची आकाशगंगा. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"अगो, हात लाव की! भिंत काय चावते?"

"खराब होईल ना, मावशी."

"आमचे बाप्ये पहाटे काळोखात निघतात. बोटीवर चढायच्या आधी ध्रुवाला हात लावतात, दिवा नाय लावत. म्हणून तं तारे फरशीपेक्षा वर उठवून बसवलेत नि काठ घासलेत. नायतर रोज कोनाची तरी बोटं कापली असती!"

मी डोळे मिटून हात टेकवला. सप्तर्षी एकेक करत बोटांखाली आले. पुढे ध्रुव, इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला. मला रडूच आलं.

"माझ्या वडिलांना दिसत नाही. आणलं तर चालेल?"

"दिसत नाय तं काय झालं, हात हायेत ना? घेऊन ये. नि तू आता जेवल्याबिगर जायचं नाय."

बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. इतक्या मायेने वाढलेलं, की दुसरी भाकरी मी मागूनच घेतली.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"तू पाहिलंस ना? झालं तर," ते म्हणाले. मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ध्रुव केवढ्या अंतरावर बसवलाय?"

"मोजलं नाही, बाबा."

"मोजलं नाहीस? सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधल्या अंतराच्या पाचपट हवा. माणसं त्याला हात लावून समुद्रात जातात म्हणतेस, मग चुकून कसं चालेल? बघायला हवं."

मी त्या रिक्षावाल्याला फोन केला. येत्या मंगळवारी सकाळी तो बोईसर स्टेशनबाहेर थांबेल.